गुडगावला जाऊ का, ताई?

आमच्या सेक्शनमध्ये गेल्या वर्षी अमरावतीकडचा एक मुलगा बदलून आला. मुलगा म्हणायचं ते मी. त्याला स्वतःला पाच वर्षांची लेक आहे. लक्ष्मीबाई नगरात आमच्या मागच्या ब्लॉकात त्याला क्वार्टर मिळालं, वडील सोबत आहेत, आणि बायकोला गुडगावच्या सायबर सिटीत नोकरी लागली आहे. मध्यंतरी डबा खाताना त्यानं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारलं, "ताई, गुडगावला जाऊ का? फ्लॅट बघून ठेवलाय. क्वार्टर सोडावं म्हणतोय."

याआधी दोघांनी मला हेच विचारलं होतं. त्यांना मी "या एकदा घरी, बोलू" म्हणून वाटेला लावलं, कारण आम्ही गुडगावला सहा वर्षं काढून परत आलेली माणसं आहोत आणि परत आलेल्या माणसाला आपली गोष्ट सांगायला तितकंसं आवडत नाही. या वेळी मात्र सगळं लिहूनच काढायचं ठरवलं.

एक खुलासा आधी. लक्ष्मीबाई नगर म्हणजे लक्ष्मी नगर नव्हे. आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे पहिल्या खेपेला यमुनापार जाऊन पोचतात आणि तिथून फोन करतात. आमची वसाहत दक्षिण दिल्लीत, आयएनए मार्केटला लागून. आजूबाजूला सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, किडवाई नगर. देशासाठी झिजलेली सगळी थोर मंडळी इथे सरकारी वसाहती होऊन शेजारी शेजारी नांदतात. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्यागेल्याला ऐटीत सांगतात की ही कॉलनी आपल्या तांब्यांच्या मनूच्या नावाची आहे.

आमचं क्वार्टर टाइप तीनचं. दोन खोल्या, एक बैठक, मागे पाच कुंड्या मावतील एवढा व्हरांडा. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला ओल यायची. तक्रार नोंदवली की माणूस येऊन बघून जायचा आणि पुढच्या पावसाळ्यात ओल आपली जागा बरोबर ओळखून परत यायची. पण आयएनएला नारळ, कढीपत्ता आणि सुरमई एकाच फेरीत मिळायची. समोर दिल्ली हाट. एम्स आणि सफदरजंग ही दोन्ही मोठी इस्पितळं हाकेच्या अंतरावर. २०१० च्या सप्टेंबरात मेट्रोची पिवळी लाइन आयएनएवरून सुरू झाली आणि माझं उद्योग भवन तिसऱ्या स्टेशनवर आलं: जोरबाग, तेव्हाचं रेसकोर्स, उद्योग भवन. घरातून निघाल्यापासून पंचवीस मिनिटांत मी ऑफिसात टेबलापाशी असायचे.

मग हे सोडलं का?

लोकांना आम्ही सांगायचो की यांच्या ऑफिससाठी. यांची कंपनी २०११ मध्ये नेहरू प्लेसहून सायबर सिटीत गेली होती. सिकंदरपूरपर्यंत मेट्रो, पुढे शेअर ऑटो, आणि २०१३ च्या नोव्हेंबरपासून रॅपिड मेट्रो. दारापासून दारापर्यंत तासभर लागायचा. दिल्लीत तासभर म्हणजे फार नाही, हे आम्हालाही कळत होतं. खरं कारण निराळं होतं, आणि ते मी आज पहिल्यांदा कागदावर उतरवते आहे. यांच्या चुलतभावानं सोहना रोडला फ्लॅट घेतला होता. त्याच्या वास्तुशांतीला गेलो, अकराव्या मजल्याच्या बाल्कनीत उभे राहिलो, खाली निळा पोहण्याचा तलाव, लांब अरवलीची पुसटशी रेघ. परत आल्यावर मी दिवा लावला आणि पहिली नजर गेली ती न्हाणीघराच्या त्या ओलीकडे. त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ जागे होतो. चाळिशी उलटलेली, स्वतःचं म्हणावं असं घर नाही, सरकारच्या भिंतीला खिळा ठोकतानाही विचार करायचा. ऑफिसचं अंतर हे त्या बाल्कनीला मिळालेलं सोयीचं निमित्त होतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की फ्लॅट बघायला जाण्याआधी नवरा-बायकोनं एकमेकांना खरं कारण सांगून टाकावं. स्वतःच्या घराची ओढ हे चांगलं कारण आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र ते प्रवासाच्या नावावर खपवलं की पुढचे सगळे हिशेब प्रवासाचे होतात, आणि तेही चुकीचे. आमचे असेच चुकले. आम्हीही सोहना रोडलाच फ्लॅट घेतला. तिथून यांना गाडीनं सायबर सिटीत पोचायला पाऊण तास लागायचा. म्हणजे यांची वाचली पंधरा मिनिटं. माझी तीन स्टेशनं होती ती अठरा झाली, आणि त्याआधी सोसायटीच्या फाटकापासून हुडा सिटी सेंटरपर्यंत शेअर ऑटोत मांडीला मांडी लावून वीस-पंचवीस मिनिटं. (त्या स्टेशनचं नाव आता मिलेनियम सिटी सेंटर झालंय. ऑटोवाले अजून हुडाच म्हणतात.)

आता पैशांचं. क्वार्टर सोडलं की एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, मिळतो, आणि गुडगाव हरियाणात असलं तरी केंद्रीय कर्मचाऱ्याला तिथे दिल्लीच्याच दरानं मिळतो. फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडालाही तसंच. हे ऐकून आम्ही खूश झालो होतो. २०१५ मध्ये माझा बेसिक आणि ग्रेड पे धरून २४,८०० होता, त्याचे तीस टक्के म्हणजे ७,४४०. एवढ्या पैशात लक्ष्मीबाई नगराच्या आसपास खाजगीत एक खोलीसुद्धा कोणी दाखवणार नाही. क्वार्टर सोडताना आपण महिन्याला काय सोडतोय याचा हिशेब लायसन्स फीच्या आणि एचआरएच्या आकड्यांवर मांडायचा नसतो. तेवढंच घर, त्याच जागी, बाजारात कितीला पडेल ते विचारायचं. आम्ही विचारलं नाही. कर्जाचा हप्ता ४१,००० चा बसला आणि एचआरएचे साडेसात हजार त्यात मीठ सांडल्यासारखे दिसेनासे झाले.

फ्लॅट १,४५० चौरस फुटांचा होता. निदान कागदावर तरी. राहायला गेल्यावर एका रविवारी आमच्या लेकीनं शाळेच्या कसल्याशा प्रकल्पासाठी टेप घेऊन खोल्या मोजल्या आणि बेरीज ९६० वर थांबली. तिला वाटलं आपलं गणित चुकलं, म्हणून तिनं परत मोजलं. उरलेले फूट लॉबीत, जिन्यात, लिफ्टच्या खड्ड्यात आणि गार्डच्या खोलीत होते. याला सुपर एरिया म्हणतात. देखभालीचा खर्च मात्र पूर्ण १,४५० फुटांवर, तीन रुपये दरानं, दर महिन्याला ४,३५०. २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली आहे, त्यामुळे आता नव्या प्रकल्पात तो आकडा मागून घेता येतो. पण जुना फ्लॅट घेत असाल तर दलालाच्या तोंडी अजून सुपर एरियाच येतो. खिशात टेप न्या. लाजू नका. आम्ही लाजलो.

विजेचं मीटर लिफ्टशेजारच्या कपाटात होतं, प्रीपेड. त्यावर दोन दर चालत: एक सरकारी विजेचा, दुसरा सोसायटीच्या जनरेटरचा, तो पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. मे महिन्यात रात्री लाइट जायची, तीन-चार सेकंद काळोख, मग खालून घरघर ऐकू यायची आणि पंखे परत फिरायला लागायचे. पाहुण्यांना याचं फार कौतुक वाटायचं. मी मात्र अंथरुणात पडल्या पडल्या मनात आकडे पळताना बघायचे. एकदा रात्री दोन वाजता बॅलन्स संपलं आणि सोसायटीचं ऑफिस सकाळी दहाला उघडणार होतं. आई पदरानं वारा घेत बैठकीत बसून राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. क्वार्टरला नवी दिल्ली नगर परिषदेची वीज होती. ती जात नसे असं नाही, पण आली-गेली तरी तिचा दर तोच राहायचा.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा दलालाशी कमी आणि पंप चालवणाऱ्याशी जास्त बोला. सकाळी सहाला जा. फाटकावरच्या गार्डला चहा पाजा आणि विचारा, रोज टँकर किती येतात, उन्हाळ्यात किती. मागच्या महिन्याचं जनरेटरचं बिल कोणाकडून तरी बघून घ्या. हिवाळ्यात हवा बिघडली की डिझेल जनरेटरांवर बंधनं येतात, तेव्हा सोसायटी काय करते हेही विचारा. ऑक्युपेशन सर्टिफिकेटची प्रत मागा, आणि इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का ते बघा. हे मी उगीच घाबरवायला सांगत नाही. १० फेब्रुवारी २०२२ ला गुडगावच्या सेक्टर १०९ मधल्या एका उंच सोसायटीत एका फ्लॅटची दुरुस्ती चालू असताना वरून खालपर्यंत स्लॅब कोसळत गेले आणि दोन बायका गेल्या. त्या इमारतीला फार वर्षं झाली नव्हती.

आणि शक्य असेल तर फ्लॅट जुलैत बघा.

२८ जुलै २०१६, गुरुवार. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारनं गुडगावचं गुरुग्राम करायचं ठरवलं होतं. त्या रात्रीनंतर लोक त्याला गुरुजाम म्हणायला लागले. संध्याकाळी पाऊस झाला, बादशाहपूरचा नाला फुगला आणि हीरो होंडा चौकात महामार्गावर कमरेइतकं पाणी भरलं. हे सहा वाजता ऑफिसातून निघाले ते पहाटे साडेतीनला घरी आले. गाडी राजीव चौकाजवळ सोडून शेवटचे काही किलोमीटर चालत. (हा गुडगावचा राजीव चौक. दिल्लीतला वेगळा. इथेही पाहुणे चुकतात.) दुसऱ्या दिवशी हीरो होंडा चौकात जमावबंदी लागली आणि गुडगाव पोलिसांनी दिल्लीकरांना सांगितलं की इकडे येऊच नका. मी त्या रात्री हुडा स्टेशनच्या जिन्यावर बसून होते. अकराव्या मजल्यावर आई आणि लेक दोघीच, लिफ्ट बंद. ज्या बाल्कनीवर आम्ही भाळलो होतो तशाच आमच्या बाल्कनीत उभं राहून त्या दोघी खालचं पाणी वाढताना बघत होत्या.

असं का होतं हे मला नंतर कळलं. कळायला वेळ लागला, कारण बाहेरून बघताना हे शहर सगळीकडे सारखंच चकचकीत दिसतं. १९७५ च्या हरियाणाच्या कायद्यानं खाजगी बिल्डरांना जमीन घेऊन वसाहती उभारायचे परवाने मिळाले. फाटकाच्या आतले रस्ते, गटारं, दिवे बिल्डरचे, बाहेरचे सरकारचे. मारुतीची पहिली गाडी इथल्या कारखान्यातून १९८३ मध्ये बाहेर पडली, नव्वदीच्या शेवटी परदेशी कंपन्यांची कॉल सेंटरं आली, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि या सगळ्याला महानगरपालिका मिळाली ती २००८ मध्ये. आधी शहर आणि मग नगरपालिका! आमच्या सोसायटीचं पावसाचं पाणी वाहून नेणारं गटार अगदी व्यवस्थित बांधलेलं होतं. ते फाटकापर्यंत यायचं आणि संपायचं.

पाणी, वीज, प्रवास यांच्याशी माणूस जमवून घेतो, आम्हीही घेतलं. आमच्याकडून जी चूक झाली आणि परत फिरवता आली नाही, ती शाळेची. हे नीट वाचा, कारण लहान मूल असलेल्या कोणालाही दलाल हे सांगणार नाही.

लेक दहावी झाली ती दिल्लीच्या शाळेतून. आम्ही गुडगावला गेलो, बसचा प्रवास नको म्हणून अकरावीला तिचं नाव तिथल्याच शाळेत घातलं. शाळा चांगली होती, शिक्षक चांगले, मार्कही चांगले पडले. २०१७ मध्ये बारावी झाली, इंजिनिअरिंगची परीक्षा झाली आणि ती अर्ज भरायला बसली. दिल्ली सरकारच्या संस्थांमध्ये, म्हणजे दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, द्वारकेचं तेव्हाचं एनएसआयटी, काश्मिरी गेटचं मुलींचं तंत्रविद्यापीठ, इथे पंच्याऐंशी टक्के जागा दिल्लीच्या मुलांना असतात. आणि दिल्लीचं मूल कोण? ज्यानं बारावी दिल्लीतल्या शाळेतून केली ते. आईबापांची नोकरी दिल्लीत, जन्म सफदरजंगमधला, दहावीपर्यंतची सगळी शाळा दिल्लीत, यातलं काहीही तिथे धरत नाहीत. लेकीच्या फॉर्मवर 'आउटसाइड दिल्ली' आलं. उरलेल्या पंधरा टक्क्यांत सगळ्या देशाची मुलं. जिथे दिल्लीच्या रांगेतून तिला सहज जागा मिळाली असती तिथे ती यादीच्या जवळपासही आली नाही.

ती पुढे दुसरीकडे शिकली, नोकरीला लागली, ठीक आहे. पण फॉर्म भरताना तिनं मान वर करून विचारलं होतं, "आई, आपण दिल्लीचे नाही का?" यांनी चष्मा पुसायला घेतला. मी स्वयंपाकघरात गेले.

तेव्हा घर बदललं तरी बारावीपर्यंत शाळा बदलू नका. रोज दीड तास बस परवडली. नियम दर वर्षी थोडेफार हलतात, म्हणून त्या त्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या मुलाचं काय झालं त्यावर जाऊ नका. अमरावतीच्या त्या मुलाला मी हेच म्हटलं, तर तो हसला. "ताई, पोरगी आत्ता केजीत आहे." आमचीही होती एकेकाळी.

नकाशावर गुडगाव हे दिल्लीचं उपनगर वाटतं. मुंबईहून ठाण्याला जावं तितकंच. पण ठाण्याला जाताना राज्य बदलत नाही. सिरहौलचा नाका ओलांडला की पोलीस वेगळे, शाळांचे नियम वेगळे, हायकोर्टसुद्धा चंडीगढचं. दिल्लीच्या नंबराची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवी नोंदणी करायची, एनओसी आणायची. एरवी या रेषेकडे कोणी बघत नाही. मग २०२० चा मे आला.

मेट्रो २२ मार्चपासून बंद होती. आमच्या मंत्रालयात तेहतीस टक्के हजेरी सुरू झाली होती, माझा दिवस आठवड्यातून दोनदा यायचा. हरियाणानं मेच्या सुरुवातीला दिल्लीची हद्द बंद केली. रोग दिल्लीहून येतो असं त्यांचं म्हणणं. सकाळी साडेसातला सिरहौलला गाड्यांची रांग, माझ्या पुढे पांढरा कोट अंगावर असलेली एक डॉक्टर, मागे बँकेचा कोणी. हवालदारानं माझं ओळखपत्र उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "रहना यहाँ, काम वहाँ, क्यों?" त्याचा प्रश्न उद्धट नव्हता, त्याला खरोखर समजत नव्हतं. रांगेत उभ्या असलेल्या हजारेक माणसांपैकी कोणाकडेही त्याचं एका वाक्यातलं उत्तर नसावं. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं तेव्हा आवश्यक सेवेतल्या माणसांची वाट मोकळी झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मग दिल्लीनं आपली हद्द बंद केली. म्हणजे फिटंफाट.

आणि ज्या ऑफिससाठी म्हणून आम्ही गेलो होतो ते? ते २०१९ मध्येच नोएडाला गेलं होतं. सायबर सिटीतली भाड्याची मुदत संपली, नोएडात स्वस्त जागा मिळाली, कंपनीनं एक मेल पाठवला. आम्ही वीस वर्षांचं कर्ज काढून ज्याच्या शेजारी राहायला आलो होतो तो शेजारी स्वतः भाडेकरू होता. व्यापारी उपनगरात घर घेणाऱ्यानं ऑफिसच्या भाडेकराराची मुदत विचारावी, असं मी म्हटलं की लोक हसतात. पण मोठ्या कंपन्यांमध्ये हे कुणाला ना कुणाला माहीत असतं. आणि करार माहीत नसला, तरी निदान पहिलं वर्ष भाड्यानं राहून बघता येतं. भाड्यानं राहणं म्हणजे पैसे पाण्यात, हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की आपण त्या भीतीपोटी वीस वर्षं पाण्यात घालतो.

आता आईंविषयी.

गुडगावला जायचं ठरलं तेव्हा आईंना आम्ही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं. "आई घरीच असतात, त्यांना काय, तिकडे लिफ्ट आहे, हवा आहे," असं आमचं चाललेलं. सामान हलवताना त्यांची जुनी कालनिर्णय एका खोक्यात गेली आणि पाच वर्षं तशीच पडली. आईंची सवय अशी की कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीनं रोजचं टिपायचं. दूध किती, आणि त्या दिवशी कुठे गेल्या. २०२० मध्ये घरात कोंडून होते तेव्हा मी ते खोकं उघडलं. मार्च २०१५, लक्ष्मीबाई नगर. बारीक, तिरकं अक्षर: 'आयएनए नारळ २.' 'लोधी रोड', म्हणजे वनिता समाज. 'विनायक', म्हणजे सरोजिनी नगरचं गणपती मंदिर. 'डोळे', म्हणजे एम्सचं राजेंद्र प्रसाद नेत्रकेंद्र. 'बी ब्लॉक हळदीकुंकू.' 'मदर डेअरी, मटार स्वस्त.' मी मोजलं. एका महिन्यात एकतीस वेळा आई एकट्या घराबाहेर पडल्या होत्या. मग मी भिंतीवरची त्या वेळची, गुडगावची, मार्च महिन्याची चौकट बघितली. टाळेबंदीच्या आधीच्या तीन आठवड्यांत दोन नोंदी. दोन्ही 'डोळे', दोन्ही आमच्यासोबत, गाडीनं. बाकी चौकटींत फक्त दूध.

शहात्तर वर्षांची बाई, गुडघे शाबूत, नजर बरी, कधी तक्रार नाही. तिला अकराव्या मजल्यावर नेऊन आम्ही तिच्या एकोणतीस फेऱ्या पुसून टाकल्या आणि आम्हाला पाच वर्षं पत्ता लागला नाही. सोसायटीतून बाहेर पडलं की समोर सहापदरी रस्ता, पादचारी पूल अर्धा किलोमीटर लांब. कोपऱ्यावर वाणी नाही, मॉल आहे. कुठेही जायचं तर ॲपवरून टॅक्सी, आणि आईंना ॲप येत नाही. सीजीएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचा, दवाखाना लांब, म्हणून कार्ड जुन्याच दवाखान्यावर ठेवलेलं. औषध आणायचं तरी माझी सुट्टी. गुडगावात मराठी माणसं आहेत, गणपतीही बसतो. तिथे नेणारं कोणीतरी लागतं, एवढंच.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी सध्या एकच काम देते. एक कोरा कागद घ्या. घरातल्या प्रत्येकासाठी एक रकाना आखा, म्हाताऱ्यांसाठी आणि पोरांसाठीसुद्धा. महिनाभर प्रत्येकजण कुठे गेला, कसा गेला, एकटा गेला की कोणी नेलं, ते रोज रात्री लिहा. मग तीच यादी नव्या पत्त्यावरून जाऊन बघा, मनातल्या मनात नव्हे तर एखाद्या कामाच्या दिवशी खरोखर: सकाळी आठला मेट्रो, दुपारी तीनला दवाखाना, संध्याकाळी सातला परत. ज्याच्या फेऱ्या निम्म्याहून कमी होतात त्याच्याशी आधी बोला. ज्याचा वेळ वाचतो त्याच्या मताला त्या दिवशी जरा कमी वजन द्या. तो तसंही सगळ्यात मोठ्यानं बोलत असतो.

गुडगावला जाऊच नये असं मी म्हणणार नाही. चुलतभाऊ आणि त्याची बायको दोघंही तिथेच कामाला, मुलगा तिथेच जन्मला, तिथल्याच शाळेत, घरी म्हातारं कोणी नाही. ते मजेत आहेत आणि लक्ष्मीबाई नगरातली आमची ओल बघून अजून नाक मुरडतात. नोकरी खाजगी असेल, क्वार्टरचा प्रश्नच नसेल, तर दिल्लीत त्याच पैशात इतकी जागा, इतका उजेड मिळायचा नाही. मुलांना खेळायला मैदानं आहेत. रात्री उशिरा ऑफिसातून येणाऱ्या मुलीला फाटकावर गार्ड असतो, याची किंमत मी कमी लेखत नाही.

आम्ही २०२१ मध्ये परत आलो. ई-संपदा पोर्टल नवंच निघालं होतं. त्यावर दर महिन्याला पसंतीक्रम टाकायचा आणि वाट बघायची. पाच महिन्यांनी नाव लागलं, परत लक्ष्मीबाई नगर, ब्लॉक निराळा, ओल तीच. एचआरए बंद झाला. फ्लॅट भाड्यानं दिला. भाड्यात हप्ता निम्मा सुटतो, बाकी पगारातून. हे आता आयएनएहून हौज खासला उतरून मजेंटा लाइननं बोटॅनिकल गार्डनला जातात. आईंच्या नोंदी पूर्वीइतक्या झाल्या नाहीत. सहा वर्षांत बी ब्लॉकच्या मैत्रिणी पांगल्या, कोणी निवृत्त होऊन नागपूरला गेल्या, कोणी वारल्या. पण २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोऱ्याला साहित्य संमेलन भरलं तेव्हा आई दोन दिवस गेल्या, एकदा माझ्यासोबत आणि एकदा शेजारणीला घेऊन रिक्षानं. त्या चौकटीत त्यांनी लिहिलंय, 'संमेलन. गर्दी फार. पुस्तकं ३.'

माझ्या निवृत्तीला आता फार वर्षं नाहीत. क्वार्टर सोडावं लागेलच. फ्लॅट तिथे आहे, हे म्हणतात आपलंच घर आहे, जाऊ. तेव्हा पुन्हा कागद आखायचा आहे, या वेळी साठीच्या दोन माणसांसाठी, आणि आई असतील तर तिघांसाठी.

अमरावतीच्या मुलानं परवा आपला कागद आणून दाखवला. बायकोच्या रकान्यात चव्वेचाळीस फेऱ्या, सुबक अक्षरात, मेट्रोच्या वेळांसकट. त्याच्या स्वतःच्या सेहेचाळीस. लेकीच्या रकान्यात शाळा आणि बाग. वडिलांचा रकाना मोकळा.

"बाबांचं काय?" मी विचारलं.

"बाबा घरीच असतात, ताई."

मी कागद त्याला परत दिला. सोमवारी तो पुन्हा घेऊन आला. त्यानं काही सांगितलं नाही, फक्त माझ्या डब्याशेजारी ठेवला. वडिलांच्या रकान्यात वडिलांच्याच हातची एकवीस ओळींची यादी होती, आणि तिच्यातल्या सात ठिकाणांची नावं त्यानं कधी ऐकलेलीच नव्हती.